सव्वीस घरं पुढं

घोरपडीच्या शाळेतला सोळा एमएमचा प्रोजेक्टर
मी रिक्षात मांडीवर घेऊन आले भवानी पेठेत,
बत्तुलमामांच्या जिन्याखालच्या खोलीत.
आत लावलेलंच रीळ होतं, कुठल्याशा जुन्या स्नेहसंमेलनाचं.
त्यात सतारीला बसलेली नववीतली एक मुलगी
आणि तिची प्रत्येक तार
पाण्याखालून वाजल्यासारखी.

"सतार नको," मामा म्हणाले, "मींडीत खोट लपते.
सरळ सूर काढ कुठलातरी."
रीळ मागं घेतलं. प्रार्थनेच्या आधी
कुणीतरी पेटीवर धरून ठेवलेली काळी चार.
तीही थरथरत होती.

चित्राचं काय,
ते मुळातच थांबत थांबत चालतं.
एक घर, थांबा. एक घर, थांबा.
डोळा सगळं माफ करतो.
आवाज सव्वीस घरं पुढं छापलेला,
त्याला धक्का चालत नाही, एवढासाही नाही.
म्हणून मधे ती सैल कमान फिल्मची,
म्हणून ते जड चाक, कशाचीच घाई नसलेलं.

मी स्पिरिटनं ड्रम पुसला.
कमान मोठी केली, लहान केली.
बेअरिंगमधलं तेल गुळासारखं झालेलं, ते काढलं.
सूर तसाच.

"चाकावर बोट ठेव," मामा म्हणाले.
"तुम्हीच बघा ना."
त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला.
बशीतला चमचा किणकिणायला लागला.
"हा साक्षीदार फुटलाय गं. तुझं ठेव."
माझ्या बोटाखाली चाक गुळगुळीत फिरत होतं.

मग त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ.
"डोलत नाहीये, भराभर कापतोय. सेकंदाला पाचेक वेळा.
फिल्म सेकंदाला पळते सव्वासात इंच.
भाग."
मी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला.
"दीड इंचाला थोडं कमी."
"तेवढ्या घेराचं काय आहे आत, शोध."

शिवणाचा दोरा घेऊन मी एकेक चाक मोजत गेले,
बांगडीवाला मनगटं मोजतो तशी.
हे मोठं. हे फार मोठं. हे पाऊण इंच.
आणि ड्रमला टेकलेला रबरी रोलर :
दोरा बरोबर तिथं संपला.

नखानं चाचपलं.
एका बाजूला तिळाएवढी सपाट जागा.

कधीतरी, खेळ अर्धा असताना,
कुणीतरी बटण बंद केलं,
झाकण लावलं, घरी गेलं.
रोलर तसाच ड्रमवर दाबलेला राहिला
एकोणीस वर्षं.
"धावून झिजलेलं मला कळतं," मामा म्हणाले,
"हे उभं राहून दबलंय."
आणि हात खिशात घातला.

रविवारी जुन्या बाजारात
एका मेलेल्या स्पूल रेकॉर्डरचा रोलर मिळाला, चाळीस रुपयांत.
सोबत एक फुकटचा सल्ला, की असल्या मशीनला आता कोण विचारतं.
अन्सारींच्या लेथवर भोक वाढवून घेतलं.
बसवला. लावला.

काळी चार
ताणलेल्या दोरीसारखी उभी राहिली खोलीत.
जिन्यावरून उतरणारं कुणीतरी मधेच थांबलं.

मग सतार. स्वच्छ.
फक्त तार आधी वाजत होती
आणि मुलीचं बोट नंतर हलत होतं.
कमान लावताना मी तीन-चार घरं खाल्ली होती.

"एवढं कुणाला कळणार आहे? राहू दे," मी म्हटलं.

मामांनी चष्मा काढला.
"राहू दे म्हणून जो घरी गेला ना,
त्याचाच रोलर आत्ता बदललास तू."

मी दिवा विझवला. फिल्म काढली.
डाव्या हातानं उजवं मनगट धरून
ते घरं मोजायला लागले, मोठ्यांदा,
चोवीस, पंचवीस,
आणि माझ्यासाठी थांबले.