परसों

उदगीरला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
नवी तुकडी सतरंजीवर बसलेली आहे.
अकरा मुली, तीन मुलं.
मांडीवर फाइल, फाइलीत पदवी,
पदवीवर समाजकार्य हा शब्द ठळक.

किती भाषा येतात, लिहा, म्हटलं.
मराठी, हिंदी, थोडीफार इंग्रजी.
प्रणिता बिराजदार कन्नड लिहिते, खोडते,
परत लिहिते बारीक अक्षरात,
कारण ती फक्त आजोळी कमालनगरला बोलायची असते.
शेवंता राठोडनं रकाना कोराच ठेवलाय.
घरी काय बोलता गं?
"घरी? घरी आम्ही नुसतं बोलतो, मॅडम."

फळ्यावर मी एकच शब्द लिहिते: परसों.
परवा, म्हणतात सगळे. सोपं आहे.
खिडकीपाशी नुसरत गालात हसते.
तिला मी अजून विचारत नाही.

बारा वर्षांपूर्वी
देगलूर रोडच्या वस्तीत, हलीमाबीच्या ओट्यावर
मी अर्ज घेऊन बसले होते.
"परसों मारे उनो मेरेकू, लकडी से,
हात उसीच दिन गया."
उसीच. हा च तर आमचाच,
चुलतभावासारखा दारात उभा.
त्या एका च वर विसंबून
मला वाटलं, बाकीचंही सगळं कळलं.
घटनेची तारीख: दोन दिवसांपूर्वी.
सुवाच्य लिहिलं.
अक्षरासाठी शाळेत मला कंपासपेटी मिळालेली.

सरकारी दवाखान्यात हाड जुनं निघालं,
वाकडं जुळलेलं.
अर्जदार खोटं बोलते, असा शेरा
लाल शाईत माझ्याकडे परत आला.

मी चिडून गेले. चिडून,
हेही सांगते दर तुकडीला.
खोटं कशाला बोललात?
तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं,
आच कमी झाल्यावर बोलली,
"झूट कायकू बोलूं अम्मा? परसोंच की.
शबाना पेट में थी, तब."
शबाना समोरच होती, पुढचे दोन दात पडलेली,
दुसरीचं पुस्तक उलटं धरून.

तिच्या परसोंत सात वर्षं मावत होती,
मार, बाळंतपण, सासू जाणं, सगळं.
माझ्या परवात
मोजून अठ्ठेचाळीस तास.

एकाच घटनेचा अर्ज दोनदा घेत नाहीत,
खिडकीतल्या माणसानं सांगितलं, चहा फुंकत.
मी साहेबांची सही आणायला लातूरला तीन खेपा केल्या.
सही घेऊन गेले तर ओट्यावर दुसरंच बिऱ्हाड,
दुसऱ्याच कोंबड्या.
जहीराबादला गेले म्हणे ते लोक.
कधी?
"परसों."

खोलीत कुणी काही लिहून घेत नाही आता.
खाली झेरॉक्सचं मशीन
कुणाचातरी सातबारा ओढतंय, बाहेर टाकतंय.

नुसरत, ये पुढं.
ती खडू घेते, शब्द पुसत नाही,
त्याच्याखाली लिहिते: कौनसी ईद के बाद?
"तारीख पूछना नक्को," ती सांगते,
मग आमच्याकडं बघून मराठीत,
"कुणाचं लग्न झालं होतं का, ते विचारायचं.
कोणतं लेकरू रांगत होतं.
मग बाई स्वतःच मोजते, बोटांवर. घाई नाही करायची."
एक मुलगा विचारतो, फॉर्मवर एवढी जागा कुठाय?
कुठाय खरंच. समासात लिही, मी म्हणते,
मागच्या बाजूला लिही,
पण लिही.

शेवंता हात वर करते, अर्धाच.
"आमच्या गोरमाटीत पण हाय मॅडम, असा एक शब्द.
त्यानं पण लोक फसतात."
कोणता?
ती मैत्रिणीकडं बघते, फळ्याकडं बघते,
मग माझ्या खुर्चीकडं.
"सांगते की. तुम्ही आधी खाली बसा."

मी चपला काढते.
प्रणिता सतरंजीवर सरकून
जरासंक जागा करते.