दोन रेघा

जिनिंगमधून आला की आधी न्हाणीत.
केसांतलं कापसाचं तूस धुतल्याशिवाय
तो श्रावस्तीला उचलत नाही.

पंप हलवायचा. नळीत बसवायचा.
आधी बाहुलीच्या तोंडाला मास्क, मग हिच्या.
"बाबा, नाक चेपते."
तरी कड गालाला टेकलीच पाहिजे,
फट राहिली तर औषध घरभर, पोरीत नाही.

एक दाब. सहा श्वास.
ती बोटांवर मोजते, चारानंतर थेट नऊ.
तो तिला पाचावर आणतो.
पुन्हा हलवायचा. दुसरा दाब.
मग चूळ: अर्धी पोटात,
अर्धी त्याच्या बनियनवर.

उंबऱ्यातून गिरजाबाई,
"चांगली खेळून राहिली ना पोरगी,
मंग काहून देता रोज? सवय लागंन."

तो दारामागे कोळशाने दोन रेघा ओढतो.
पंप हलवून कळत नाही किती उरलं,
रेघा मोजूनच कळतं.
"खेळून राहिली म्हणूनच, मावशी."

रात्री दोनला जाग येते.
सवय लागली ती त्यालाच.
अंधारात पोरीच्या पाठीला कान लावतो,
मागच्या थंडीतली ती बारीक शिट्टी शोधत.

दूर सरकीचा ट्रक घाट चढतो आहे,
धापा टाकत.
इथे कुणीच नाही.