बारदान

झटका आला त्या दिवसापासून
आण्णांकडे एकच शब्द उरला.
बारदान.
पाणी हवं तरी बारदान, पंखा बंद कर तरी बारदान.
बस्तीतून गंधोदक आणून कपाळाला लावलं,
डोळे मिटून म्हणाले,
बारदान.

मिरजेच्या दवाखान्यातली बाई चित्रं दाखवते:
कंगवा. बस. सीताफळ.
आण्णा प्रत्येकाकडे नीट बघतात,
मालाचा नमुना पारखावा तसे,
आणि तिन्हींचं नाव सांगतात.
बाई वहीत फुल्या मारते.
तिला कसं सांगू,
सीताफळाचं बारदान वेगळं होतं.
हळू, जरा ओलं.

चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीची अडत.
पोत्यासकट तोलायचं, मग बारदान वजा करायचं,
उरेल ते निव्वळ.
मी रात्री तेच करते आता.
शब्द काढून टाकते, उरलेलं ऐकते.
कधी उरतं काही. कधी नुसता काटा हलतो.

भाऊ म्हणतो, अक्का, तू उगाच अर्थ लावतीस.
असेल.
हरिपूरच्या पेवांजवळ लहानपणी उभी होते मी
आण्णांचं धोतर धरून.
तोंड उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही,
आत कोंडलेली हवा माणूस मारते.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
पेवं पुरात गेली.
थांबायचं तेवढं मला येतं.

परवा पारसमल शेठ आले, काठी टेकत.
जन्मभर समोरासमोर बसून
एकमेकांना बुडवायला बघितलेली माणसं.
शेठ तब्येतीचं विचारत राहिले, मोठ्यानं,
बहिऱ्याशी बोलावं तसं.
आण्णांनी एकदा बारदान म्हटलं
आणि भिंतीकडे तोंड केलं.
चहावर साय धरली.
मग शेठनी खांद्यावरचा पंचा काढला,
आण्णांच्या डाव्या हातावर टाकला,
आपला हात खाली सरकवला.

यार्डात हे मी लांबून पाहिलेलं.
सौद्याच्या ओट्यावर बायका नसत.
कापडाखाली बोटं भाव बोलत,
वर तोंडं पावसापाण्याचं.
शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही कळायचं नाही
त्याच्याच मालाचं काय ठरतंय.
(तेव्हा मला याची लाज वाटायची. अजून वाटते थोडी.)

पंचा हलत होता, आत ससा असावा तसा.
"उलटा हात आहे, थांब जरा," शेठ पुटपुटले.
आण्णांच्या कपाळावर घाम.
मग त्यांनी हात झटकला आणि हसले.
अर्ध्याच तोंडानं, पण तेच जुनं,
माल न देण्याचं हसू.
"अठराच्या खाली उतरत नाही तुझा बाप,"
शेठ डोळे पुसत म्हणाले.
कशाचे अठरा, मी विचारलं नाही.
वखार विकून तीन वर्षं झालीत.

रात्री मी माझी ओढणी टाकली.
हात खाली नेला.
त्यांनी माझी मूठ सोडवली, एकेक बोट सरळ केलं,
पहिलीतल्या पोराला पेन्सिल धरायला लावतात तसं.
एक. दोन. पंजा म्हणजे पाच.
सहाला मी चुकले. चिमटा काढला.
पन्नाशीला आलेली बाई,
ओढणीखाली उजळणी करत बसले.

आणि मग अंगठ्याच्या मुळाशी
दोनदा दाबलं. थांबून, पुन्हा दोनदा.

सकाळी शेठना फोन केला. हे कितीचं?
ते बराच वेळ बोलले नाहीत.
"असं आमच्या धंद्यात नाही, बेटा."

आज मी तसंच दाबलं,
त्यांच्या अंगठ्याशी, दोनदा.
आण्णा म्हणाले, बारदान.

मी वजा केलं नाही.