कारणाचा रकाना

बोर्डाचं पत्र आलंय. आत एक तक्ता.
प्रवेश. चालू. उत्तीर्ण. गळती. कारण.
शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद,
माझ्या करंगळीचं नख मावेल एवढा.

गळती हा शब्द मी एरवी पत्र्यासाठी वापरते.
खाली बादली ठेवली की ती भरते, ओतून देता येते.
इथून गळालेलं कुठे साठतं
ते नवापुरात कुणाला ठाऊक नाही.

रजिस्टर काढलं. चार वर्षांपूर्वी आले तेवीस.
रंगावलीच्या काठी दोन वर्ग, एक प्रार्थनागृह,
आणि हे टेबल, ज्याचा डावा पाय
मंडळीच्या इतिहासाच्या जुन्या प्रतीवर उभा आहे.
कपाटात पदवीचे झगे अकरा.
यंदा घालणारे सात.

हाग्गय वसावे. पहिल्या सत्रातच.
ऊसतोडीला जोडी लागते, एकटा कोयता मुकादम घेत नाही,
म्हणून आधी लग्न, मग बारडोली.
'स्थलांतर' लिहिलं, मग खोडलं.
त्या लग्नात मी जेवून आले होते.

ओबेद पाडवी. हिब्रूत पहिला.
उजवीकडून डावीकडे भराभर वाचायचा,
तसाच एक दिवस भरतीच्या मैदानावर पळाला,
सोळाशे मीटर, पाच मिनिटं आठ सेकंद.
परवा नंदुरबारच्या नाक्यावर माझी स्कूटर अडवून
लायसन मागितलं. बघितलं. परत दिलं.
मग टाचा जुळवून म्हणाला, शालोम ताई.
याला मी गळती म्हणू?

तबीथा मावची.
प्रवचनाच्या यादीत मुलींची नावं का नसतात,
तिने तीनदा विचारलं. चौथ्यांदा ट्रंक उचलली.
तिसऱ्या वेळी मी त्या खोलीत होते,
बैठकीचं इतिवृत्त लिहीत.
इतिवृत्तात चहाचा खर्च आहे, तिचा प्रश्न नाही.
तिच्यापुढे लिहिलंय, घरगुती. अक्षर माझंच.

राहिलेल्यांना कारण कुणी विचारत नाही.
मीखा राहिला दोन वेळच्या दादरच्या भाकरीसाठी,
आणि मग, तिसऱ्या वर्षी केव्हातरी, खरोखरच राहिला.
दीना वळवी राहिली, कारण गावी गेली असती
तर शिंपल्याच्या आत सोयरीक ठरली असती, असं तीच म्हणते,
म्हणजे काय ते मी अजून विचारलेलं नाही.
दोघं उत्तीर्णच्या रकान्यात शेजारी शेजारी बसलेत,
रकाना रुंद आहे, आणि बिनकारणाचा.

आणि मनश्शे बागुल, साक्रीचा.
बाप अंथरुणाला खिळला तेव्हा गेला.
एसटीच्या पायरीवरून वळून म्हणाला,
"येसू, ताई. परत येसू."
त्याच्या अहिराणीत याचा अर्थ फक्त 'येईन'.
मी मात्र बस गेली तरी तिथेच उभी.
आम्ही ज्याचं नाव घेऊन हे कॉलेज चालवतो
तोही असंच सांगून गेलेला,
आणि त्याला कुणी पटावरून कमी केलेलं नाही.

प्राचार्य डोकावून जातात. किती भरलं?
तेवीसातले सात, सर. तीस पूर्णांक त्रेचाळीस.
ते चष्मा पुसतात. पन्नास दिसायला हवं होतं.
मीही म्हणते, हवं होतं.
पॉइंटनंतरच्या त्रेचाळीसात कोण कोण आहे
असं मनात आलं, बोलले नाही.

उरलेल्या नावांपुढे वैयक्तिक, वैयक्तिक, वैयक्तिक.
हाग्गयपुढे शेवटी 'लग्न' लिहिलं, ते तरी खरं.
तबीथाचं 'घरगुती' खोडलं. वर काही सुचलं नाही,
तिथे नुसती खाडाखोड जाईल बोर्डाकडे.
मनश्शेच्या ओळीत, दोन वर्षं गैरहजर असताना,
निळ्या शाईने, स्पष्ट: चालू.

पाकीट उद्या चिकटवेन.
साक्रीची एसटी साडेपाचला येते,
आणि डिंकही संपलाय.