ढेकर

हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे,
म्हणून चहाही माझ्याकडेच.
चाळीस खुर्च्या मांडल्या, माणसं आली त्रेसष्ट.
बाकीची भिंतीला टेकून,
गमबूट दाराशी, मोज्यांतून अंगठे बाहेर.
जुलैचं गारठलेलं साउथलँड खिडकीला नाक लावून.

वेलिंग्टनहून आलेल्या मुलीने पडद्यावर गाय दाखवली,
तोंडातून एक लाल बाण निघालेला.
मिथेन मागून नाही, ती म्हणाली, पुढून जातो,
बहुतेक सगळा ढेकरांतून.
मागे कुणीतरी खराखुरा ढेकर दिला
आणि पाच मिनिटं सभा हसण्यात गेली.
हसू ओसरलं तेव्हा आकडे तिथेच होते,
दर गायीमागे, दर वर्षाला.

मर्डो मॅकास्किल उठला. पाचशे वीस गायी.
"आजोबांनी दलदल उपसून हे गवत उभं केलं.
आता खाल्लं म्हणून दंड, पचलं म्हणून दंड.
मी दूध थांबवलं तर
जग काय कोरा चहा पिणार आहे?
दुसरा कुणी काढेल, माझ्याहून जास्त धूर करून."
टाळ्या.
मी कपांत दूध ओतत होते. हात थांबला.

मग मेरेआना.
टाळ्या विरेपर्यंत नुसती उभी राहिली.
फेब्रुवारीत नदी तिच्या कुरणात शिरली
आणि सोळा दिवस राहिली, पाहुणीसारखी नव्हे, मालकिणीसारखी.
"कुंपणाच्या तारांत अडकलेल्या मेंढ्या
आपण दोघांनी सोडवल्या, मर्डो.
ट्रॅक्टर तुझा होता.
ते बिल कुणाच्या नावाने फाडायचं?
तू म्हणतोस कर नको.
मी तर भरून बसलेय.
पावती तेवढी मिळाली नाही."

टाळी नाही. एक खुर्ची करकरली.
कुणी टेकडीपलीकडच्या पाइनांचं काढलं,
मेंढ्या विकल्या, झाडं उभी केली,
झाडांना कार्बनचे पैसे,
आणि शाळेत उरली नऊ मुलं.
ती मुलगी सगळं लिहून घेत होती,
उत्तर असल्यासारखी नाही,
वाणसामानाची यादी केल्यासारखी.

नंतर ती कप पुसायला थांबली.
तिच्याही मोज्याला भोक होतं.
वडिलांच्या गायी गेल्या शरदात विकल्या, म्हणाली,
करामुळे नाही, गुडघ्यांमुळे.
अजून पहाटे चारला जाग येते त्यांना.
पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

बाहेर मेरेआनाची गाडी चिखलात रुतलेली.
मर्डो दोर बांधत होता,
आणि दोघं भांडतच होती,
तो चाकाशी वाकून, ती खिडकीतून.

मी दिवे मालवले.
कुंपणापलीकडे अंधारात कालवडी
रवंथ करत बसलेल्या, नाकपुड्यांतून वाफ.
सभा त्यांच्याविषयी होती, हे त्यांना कोण सांगणार?

तीन कप चहा झाला होता.
मलाही एक ढेकर आला.
सवयीने तोंडावर हात धरला,
आणि बराच वेळ
हात तसाच राहिला.