पुलाची उलटी बाजू

एकतीस वर्षं मी पूल उचलला.
आज पहिल्यांदा
पुलासाठी थांबणार आहे.

स्पार्नडामचं जलद्वार उघडलं तेव्हा नऊ वाजले होते.
गलबताचं नाव 'दोन बहिणी',
वय एकशे बारा, बुडाशी सपाट,
पूर्वी बटाटे वाहायचं, आता आम्हाला:
दहा जण, एक कुत्रा,
आणि निवृत्तीची भेट म्हणून मुलीनं हातात कोंबलेलं तिकीट घेऊन
मी.

तांडेलीण वीत्स्के, जेमतेम तिशीची,
सुकाणू मांडीनं रेटते, हातात पाव.
"आजोबा, ही दामण धरा," म्हणाली,
"सांगेन तेव्हा सोडा. आधी नाही."
जन्मभर बोटींनी मला भोंगे दिले,
हुकूम असा कुणी दिला नव्हता.

तपकिरी शीड आधी फडफडलं, कुरकुरलं,
मग एकदम गप्प झालं
भुकेजला माणूस पानावर बसावा तसं.
दोन्ही काठ चालू लागले.
गायी. वल्हवणाऱ्या पोरींची सुईसारखी नाव.
वळणावर पवनचक्की,
आणि मग विटांची घरं, खांद्याला खांदा लावून
किंचित पुढे कललेली,
पाण्यातून कोण चाललंय बघायला.

दंतवैद्य मुल्डर दुर्बिणीतून सगळ्यांना साल सांगत होते,
सोळाशे अमुक, सतराशे तमुक.
मला सालं ठाऊक नाहीत.
मला ठाऊक आहे, कुठल्या खिडकीतली बाई
पूल वर गेला की
खोळंबलेल्या सायकलींची रांग बघत कॉफी पिते.
आज तिथं निवडुंगाची कुंडी होती.
ती नव्हती.

वारा गावात शिरला की आंधळा होतो.
चर्चच्या आडोशाला पडतो,
गल्लीच्या तोंडाशी थोबाडीत मारतो.
"सोडा!" वीत्स्के ओरडली.
मी सोडली. उशिरा.
गलबत कुशीवर गेलं, कुणाचा तरी थर्मास घरंगळला,
कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं.

मग पूल.
डावीकडे माझी खोली, दीड माणसाची,
काचांना आतून कागद.
आता कुठल्याशा इमारतीत बसून कुणीतरी
पडद्यावर बघत उचलतो,
एकटा सात पूल, आणि म्हणे कंटाळतो.
खांबावरच्या डब्यातून आवाज आला,
"दोन बहिणी, दोन मिनिटं."
दोन मिनिटं म्हणजे सहा.
ही पद्धत मात्र माझी.

घंटा. अडसर. सायकली थबकल्या.
आणि तो उठला.

खोलीतून मला दिसायचा तो नुसता रस्ता,
डांबरासकट, पांढऱ्या पट्ट्यांसकट उभा राहिलेला.
एकतीस वर्षं त्याची पाठ पाहिली.
पोट आज.
गंजक्या तुळया, शेवाळ, कबुतराचं पीस,
आणि मधल्या तुळईवर डांबरानं, हातभर अक्षरांत:
हुइबर्ट, ऊठ!

खाली वेगळ्या हातानं: झोपू दे त्याला.
त्याही खाली, निळ्या रंगात,
कुणीतरी पहिल्याचं शुद्धलेखन सुधारलेलं.

येणारा जाणारा प्रत्येक खलाशी
हे वाचत गेला असणार.
आणि मी टोपी सरळ करून, गळाच्या काठीला
लाकडी बूट बांधून खाली सोडायचो, टोलासाठी,
नजर खाली, बुटात.
घरी सांगायचो,
काय हसरी माणसं गं ही,
पैसे देतानासुद्धा हसतात.

"पहिलं बाबांनी लिहिलंय," वीत्स्के म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
"आणि दुसरं?"
"दुसरं कुणाचं, कुणालाच माहीत नाही."

तो बूट आणलाय मी, पिशवीत.
का, ते विचारू नका.
खांबावरच्या कॅमेऱ्यापुढे उंच धरला.
डबा खरखरला, बोलला काही नाही.
पात्याची सावली माझ्या गुडघ्यांवरून
सावकाश सरकत चालली होती,
तेवढ्यात मुल्डरांनी विचारलं,
हा पूल कुठल्या सालचा हो?

थांबा, म्हटलं,
अजून त्याच्याखालीच आहोत आपण.