तिसऱ्या दिवशीचा आकडा

वरवर टेकवायचं यंत्र खांबाला लावलं
तर ते म्हणालं, कोरडा.
मे महिना, दुपार, खांब म्हणजे तापलेला तवा.
पण भेग खालून वर चढत होती,
तांबूस, नेमकी सळीच्या रेषेत,
म्हणून मी चार सेंटिमीटर भोक पाडलं,
पिचकारीने धूळ फुंकली,
नळी बसवली, टोपण घट्ट केलं
आणि खाली खडूने तारीख घातली.

आता तीन दिवस काही करायचं नसतं.
आतली हवा आणि आतलं सिमेंट
यांचं एकमेकांशी जुळायला हवं.
घाई केली तर यंत्र खोटं बोलतं.

नार्व्याची ही शाळा, फेरीच्या धक्क्यापासून हाकेवर.
सुट्टी होती. तरी एक मुलगी रोज येई, विचारी,
खांबाला ताप किती?

आणि पुरसो गावडे येई. गवंडी. हा खांब त्याचा.
पहिल्या दिवशी तो फक्त वाळूविषयी बोलला.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, सळ्या चांगल्या होत्या हां,
आणि मग, बिडी विझवून,
की त्या एप्रिलात विहीर आटली होती,
कंत्राटदार पणजीला, खांब भरायचा दिवस ठरलेला,
आणि नदी मात्र भरतीला, पायरीपर्यंत आलेली.
घागरी किती, मी विचारलं नाही.
त्यानेच सांगितलं: बावीस.

मीठ कोरड्यात निजून राहतं.
ओल त्याला उठवते.
मग सळी फुगते, कारण गंजाला
लोखंडापेक्षा जास्त जागा लागते,
आणि ती तो खांबाकडूनच घेतो,
पापुद्र्या-पापुद्र्याने,
रंगाच्या सहा हातांखाली.

तिसऱ्या दिवशी टोपण काढून प्रोब आत सोडला.
आकडा चढत गेला, ऐंशीवर रेंगाळला,
एक्याण्णववर थांबला.
मुलीने तो हातावर लिहून घेतला.

अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो.
मी 'क्षार' लिहिलं. मग 'ओल'.
पुरसोकडे चष्मा नव्हता,
तरी तो त्या रकान्याकडेच बघत होता.

भोक बुजवायचं राहिलं होतं.
मी बुजवतो, म्हणाला.
घमेल्यात मूठभर सिमेंट, चाळलेली वाळू,
शाळेच्या नळाचं पाणी तांब्यात,
आणि ओतायच्या आधी
बोट बुडवून त्याने जिभेला लावलं.
थांबला.
"गोडें," म्हणाला,
आणि ओतलं.